नाना कनेक्ट होतात

कमी ऐकू येणारी माणसं साधारण दोन प्रकारची असतात. काहींना वाटतं, आपले कान ठणठणीत आहेत, जगच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलंय. दुसऱ्या प्रकारातली माणसं शहाणी. ती बहिरेपण कबूल करतात आणि त्याच्या आडोशाला सुखाने संसार करतात. आमच्या सोसायटीतले नाना काही वर्षं पहिल्या प्रकारात होते, मग बरीच वर्षं दुसऱ्यात रमले. आता ते एका तिसऱ्याच जातीत दाखल झाले आहेत. ही जात गेल्या दहाबारा वर्षांतली. शर्टाच्या पुढच्या खिशात फोन, कानामागे दोन करडी यंत्रं, त्यातून कानात उतरलेली केसासारखी बारीक तार आणि चेहऱ्यावर कुणालाही उद्देशून नसलेलं एक हसू, ही तिची खूण. या माणसाला ऐकू येतं, हे नक्की. काय ऐकू येतंय, ते मात्र समोरच्याला कळायला मार्ग नाही.

नाना टेलिफोन खात्यातले. उमेदीची वर्षं स्ट्राउजर एक्स्चेंजमध्ये गेली. गावात कुणीही नंबर फिरवला की तिथले सिलेक्टर खट्‌खट्‌ करत वर चढायचे, मग आडवे वळायचे, आणि अशी शेकडो यंत्रं एकदम चालू असायची. "त्या खडखडाटात कान गेले माझे," असं नाना सांगतात. काकूंच्या दप्तरी वेगळी नोंद आहे. "लग्नानंतर पहिल्या महिन्यात दळण आणायला सांगितलं ना, त्या दिवशी गेले."

यात शास्त्र कुणाच्या बाजूने आहे, ते मी एकदा आगाऊपणा करून सांगायला गेलो. उतारवयात सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले जातात. म्हणजे स, श, च, फ असे वर्ण पुसट होतात आणि स्वर शिल्लक राहतात. म्हणून म्हातारी माणसं "ऐकू येतंय रे, पण कळत नाही" म्हणतात ते खरं असतं. त्यांच्या कानाशी ओरडून उपयोग नसतो, कारण ओरडल्याने मुळात ऐकू येणारे स्वरच आणखी मोठे होतात. काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग 'दळण'मध्ये यातलं कुठलं अक्षर आहे?" एकही नाही. त्या दिवसापासून दळणाच्या बाबतीत नानांचा वैद्यकीय बचाव संपला आणि नाना आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

नानांचं पहिलं मशीन खिशातलं होतं. काड्यापेटीहून जरा मोठी डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. मॅच चालू असली की लोकलमध्ये अनोळखी माणसं त्यांना स्कोअर विचारायची. नाना प्रश्न नीट न ऐकताच मान डोलवायचे, आणि ठाण्यापासून व्हीटीपर्यंत अख्खा डबा भारताची अवस्था उत्तम आहे या समजुतीत प्रवास करायचा.

त्या मशीनवर एक बारीक बटण होतं आणि त्यावर 'टी' असं अक्षर. नानांचं त्यावर अतोनात प्रेम. टी म्हणजे टेलिकॉइल, तांब्याच्या तारेचं बारीकसं वेटोळं. जुन्या काळ्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधून आवाजाबरोबर थोडं चुंबकीय क्षेत्रही बाहेर सांडायचं. हे वेटोळं ते पकडून त्याचा पुन्हा आवाज करतं. मधला पंख्याचा घरघराट नाही, रस्त्याचा गोंगाट नाही, सरळ बोलणाऱ्याचा आवाज. "सरकारी खात्याची गळती सत्कारणी लागल्याचं हे एकच उदाहरण," असं नाना अभिमानाने सांगतात. सभागृहाभोवती तारेचा एक फेरा टाकला आणि तो माइकला जोडला, की आत बसलेल्या प्रत्येक टी-वाल्याला भाषण कानात ऐकू येतं. लंडनच्या मल्टिटोन कंपनीच्या जोसेफ पोलियाकॉफने ही युक्ती 1930च्या दशकात काढली. पेअरिंग नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही. आपल्याकडे अशी तार घातलेलं नाट्यगृह पाहायला नाना आयुष्यभर आसुसलेले आहेत.

दुसरं पर्व गळ्यातल्या पेटीचं. फोन खिशात, मशीन कानात आणि दोघांच्या मधे गळ्यात लटकवलेला एक स्ट्रीमर. फोनकडून ब्लूटूथवर आवाज घ्यायचा आणि कानातल्या मशीनला चुंबकीय मार्गाने पोचवायचा, हे त्याचं काम. थेट का नाही? तर तेव्हाच्या ब्लूटूथची भूक दांडगी आणि कानातला सेल शेंगदाण्यापेक्षा लहान. हा सेल झिंकचा. त्याच्या पाठीवर एक चिकटपट्टी असते. ती काढली की भोकातून हवा आत शिरते आणि तो जागा होतो, आणि एकदा जागा झाला की पट्टी परत लावूनही तो काही पुन्हा झोपत नाही. नानांच्या 312 नंबरच्या सेलची पट्टी तपकिरी. सेल कधी बदलला ते लक्षात राहावं म्हणून नाना ती पट्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेवर चिकटवायचे. ही पद्धत त्यांना ऑडिओलॉजिस्ट बाईंनीच सांगितलेली, आणि चांगली आहे. फक्त एका श्रावणात पट्टी नेमकी संकष्टीवर बसली आणि काकूंनी सकाळी नऊ वाजता पोहे खाल्ले. चंद्रोदयाची वेळ शेजारणीने विचारली तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून नानांनी पट्ट्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायच्या, असा ठराव आहे.

त्या पेटीमुळे देवळात दोनदा नानांना लोकांनी कुणीतरी महाराज समजून नमस्कार केला. नानांनी तो स्वीकारला.

आणि मग अमेरिकेतल्या मुलाने येताना दोन आयफोन आणले, एक आईला, एक बाबांना, आणि नानांना नवीन मशीन घेऊन दिलं. ॲपलने 2013 साली कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरून थेट श्रवणयंत्रात आवाज सोडायची सोय केली आणि पुढच्या वर्षी तशी मशीनं बाजारात आली. आमच्या नानांपर्यंत ती पोचायला आणखी थोडी वर्षं लागली, पण पोचली. गळ्यातली पेटी गेली. किमतीचा आकडा नानांना सांगितलेला नाही. "हेडफोनवर 18 टक्के जीएसटी आहे, कानाच्या मशीनवर शून्य," एवढंच मुलाने सांगितलं, आणि नाना त्या शून्यावर इतके खूश झाले की ते कशाच्या पुढचं शून्य आहे, हे विचारायचं राहून गेलं.

बिघडले नाना ते इथून.

म्हणजे एखाद्याला ऐकू यायला लागलं तर तो ऐकत बसेल. नाना सांगत सुटले. संध्याकाळी तलावपाळीला त्यांचा कट्टा जमतो. मास्तर, दुसऱ्या मजल्यावरचे कर्नल, बँकेतून निवृत्त झालेले एक हिशेबी गृहस्थ आणि अधूनमधून मी. या कट्ट्यावर पूर्वी गुडघे, महापालिका आणि मुलांची लग्नं असे विषय असायचे. आता फक्त जोडणी. कुणाच्या कानात काय आहे, कुणाच्या खिशात काय आहे आणि ते एकमेकांशी का बोलत नाहीत. उभा जन्म दुसऱ्यांच्या लाइनी जोडण्यात गेलेल्या माणसाला हे क्षेत्र सापडलं, म्हणजे मासा परत पाण्यात सोडल्यासारखंच झालं.

नानांचं प्रवचन डेन्मार्कपासून सुरू होतं. ब्लूटूथ हे नाव डेन्मार्कच्या हाराल्ड नावाच्या दहाव्या शतकातल्या राजाचं. पुढे त्याच देशातली राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडची राणी झाली. तिला ऐकू कमी यायचं आणि 1902च्या राज्याभिषेकाला तिने विजेवरचं श्रवणयंत्र वापरलं. ते पाहून हान्स डेमान्ट नावाच्या डॅनिश गृहस्थाने आपल्या बायकोसाठी तसंच यंत्र मिळवलं, आणि 1904मध्ये त्याची कंपनीच काढली. ती म्हणजे आजची ओटिकॉन. "म्हणजे कान आणि ब्लूटूथ हे लग्न डेन्मार्कमध्येच ठरलेलं होतं," असं म्हणून नाना थांबतात. राणीचं ते यंत्र करणारा अमेरिकन मिलर रीझ हचिसन, आणि मोटारीचा क्लॅक्सन हॉर्न शोधणाराही तोच. हे ऐकल्यावर कर्नल दर वेळी घोडबंदर रोडच्या दिशेने बघून म्हणतात, "गिऱ्हाईक तयार करायची पद्धत छान आहे."

मग खिशाचा अध्याय. ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या. पाणी त्यांना शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवला की मधे सगळा देह आडवा येतो आणि आवाज तुटतो. नाना गेली काही वर्षं शर्ट शिवून घेताना खिसा दोन इंच वर लावून घेतात. एका कानातल्या मशीनला दुसऱ्याशी बोलायचं झालं तर मधे डोकं येतं. म्हणून ती दोघं आपसात बहुधा चुंबकीय मार्गाने बोलतात, आवाज एकाचा वाढवला की दुसऱ्याचा आपोआप वाढतो. "लहर डोक्यातून आरपार जात नाही," नाना सांगतात. "सेक्रेटरीच्या जाईल."

सेक्रेटरीवर त्यांचा राग आहे आणि सेक्रेटरीचा त्यांच्यावर आहे. त्याचं कारण आयफोनमधलं लाइव्ह लिसन. ही सोय चालू केली की फोन स्वतः माइक होतो आणि समोरच्या टेबलावरचं बोलणं थेट कानातल्या मशीनमध्ये येतं. हॉटेलच्या गोंगाटात समोरच्याचं ऐकू यावं म्हणून केलेली चांगली सोय. नाना तळमजल्यावर राहतात आणि सोसायटीचं ऑफिस त्यांच्या भिंतीला लागून. कमिटीच्या मीटिंगला नाना फोन टेबलावर ठेवून "आलोच औषध घेऊन" म्हणून घरी जातात. परत येतात ते बरोबर पाण्याच्या टाकीच्या कंत्राटाचा विषय निघाल्यावर, आणि आल्या आल्या आधीच्या वीस मिनिटांवर हरकत घेतात. सेक्रेटरीला पुष्कळ दिवस हा दैवी प्रकार वाटत होता. हे योग्य नाही, असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी मला चर्चिल सांगितला. टेलिकॉइलवाल्या पोलियाकॉफचा मुलगा अलेक्झांडर चर्चिलच्या श्रवणयंत्राची देखभाल करायचा आणि त्यातून तो हेरगिरी करत असेल असा ब्रिटिश गुप्तहेर खात्याला संशय होता. "म्हणजे चर्चिलच्या मशीनमध्ये दुसरा कुणी ऐकत असेल अशी भीती. इथे मीच ऐकतोय. यात गैर काय?" टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाशी दुसऱ्याचं बोलणं ऐकण्याच्या नैतिकतेवर वाद घालू नये, एवढं मला तेव्हा समजलं.

सगळ्यांकडे आयफोन नसतो, ही नानांची मोठी अडचण. अँड्रॉइडवाल्यांसाठी गूगलने 2018 साली आपला वेगळा मार्ग जाहीर केला. त्याचं लघुनाव आशा. हा मार्ग प्रत्येक फोनात असतोच असं नाही आणि प्रत्येक मशीनला तो चालतोच असंही नाही, म्हणून नवीन माणूस भेटला की नाना आधी चौकशी करतात. एका सकाळी फिरायला आलेल्या एका जोडप्याला त्यांनी अडवलं. यजमानांच्या कानात नवं कोरं मशीन दिसत होतं.

"तुमच्याकडे आशा आहे का?"

"आहे बहुतेक. मुलाने लावून दिली."

"मग नशीबवान आहात. आशा असली की थेट कानात बोलते. मधे कुणी लागत नाही."

"पण मधूनच गप्प होते हो."

"होणारच. तुम्ही तिला मागच्या खिशात ठेवत असाल. छातीशी ठेवा."

बाईंनी यातलं प्रत्येक अक्षर ऐकलं, कारण त्यांचे कान उत्तम होते. दुसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ तलावाला उलट्या दिशेने फेऱ्या मारतात, आणि एकटे.

या सगळ्या भानगडी मिटाव्यात म्हणून ब्लूटूथवाल्यांच्या संघाने 2020 साली एलई ऑडिओ नावाचा एकच सामायिक मार्ग जाहीर केला, आणि 2022मध्ये ऑराकास्ट. ऑराकास्ट म्हणजे नानांचा मोक्ष. रेडिओ स्टेशनसारखं एका जागेवरून प्रक्षेपण करायचं आणि सभागृहातल्या हव्या तितक्या लोकांनी आपापल्या कानात ते लावून घ्यायचं. टेलिकॉइलच्या तारेचं काम, फक्त तारेशिवाय. नानांनी एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना या विषयावर फुलस्केपची चार पानं लिहून पाठवली. आकृत्यांसह. उत्तर एका ओळीचं आलं: स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीनंतर विचार करू. नानांनी ते फाइल केलंय. तारेवरचं त्यांचं जुनं प्रेम मात्र सुटलेलं नाही. नव्या लहान मशीनांतून टेलिकॉइल काढून टाकतात याचा विषय निघाला, की ते घरातलंच माणूस गेल्यासारखे गप्प होतात.

काकूंचं या सगळ्याबद्दल मत विचारलं तर त्या एवढंच म्हणायच्या, "पूर्वी मी बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही, आता टीव्हीचं मला येत नाही." कारण टीव्हीलाही नानांनी एक डबी जोडलीय. तिच्यातून बातम्या थेट त्यांच्या कानात जातात. बाहेरचा आवाज बंद. काकू समोर बसून निवेदिकेचे हातवारे बघतात आणि नाना मधेच "अरेरे" म्हणतात. काय अरेरे, ते विचारलं तर पुढची बातमी चुकते म्हणून सांगत नाहीत. दिवाणखान्यात एकट्याने असं हळहळणारा माणूस फार चिडवतो, हे मी स्वतः अर्धा तास बसून पाहिलंय.

पण मुलाने अमेरिकेला परत जायच्या आधी एक गोष्ट करून ठेवली होती. आईलाही बाबांच्या मशीनचा आवाज कमी-जास्त करता यावा म्हणून त्याने ते मशीन दोन्ही फोनांना जोडलं होतं. हे नाना विसरले होते आणि काकूंना कळलेलंच नव्हतं.

एका दुपारी काकूंच्या फोनवर सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. काकू स्वयंपाकघरात, नाना गॅलरीत पेपर घेऊन. काकूंनी फोन उचलला आणि आवाजाने भलतीच वाट धरली. काकू "हॅलो, हॅलो, अगं काही येत नाहीये" करत राहिल्या. मेहुणीबाई समोरच्याला ऐकू येतंय की नाही यावर बोलणं अवलंबून न ठेवणाऱ्या. नानांच्या दोन्ही कानांत, अगदी स्वच्छ, स, श, च सकट, त्यांचा आवाज उतरला: "मला येतंय गं तुझं. आपलं एक्स्चेंज काय म्हणतंय? झोपलंय का? ऐक, ती पैठणी मी घेऊन ठेवलीय, भिशीचे पैसे पुरले. त्यांना सांगू नकोस हं. ऐकू येत नाही तेच बरं असतं बाई कधी कधी."

सासरवाडीला आपण 'एक्स्चेंज' आहोत, हे नानांना त्या दिवशी कळलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहाचा कप हातात घेतल्यावर बशीकडे बघत विचारलं, "रंग कुठला घेतलाय?"

काकू दोन दिवस विचारात होत्या. आपली चोरी उघडी पडल्याचं दुःख त्यांना फारसं झालेलं नव्हतं, पैठणी सुंदर होती. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. माझ्या बहिणीचं बोलणं जर सांगलीहून यांच्या मेंदूत असं सरळ उतरू शकतं, तर माझं स्वयंपाकघरातून का नाही? त्यांनी अमेरिकेत सुनेला व्हिडिओ कॉल लावला. सून हुशार. आयफोनमध्ये कॉल आपोआप उचलला जाईल अशी एक सोय असते. ज्यांना हात वापरता येत नाहीत अशांसाठी ती उपयोगी पडते. सुनेने ती नानांच्या फोनवर कशी चालू करायची ते पायरीपायरीने सांगितलं आणि नाना आंघोळीला गेलेले असताना काकूंनी ती चालू केली. मशीन डबीत, फोन टेबलावर, काम दोन मिनिटांचं.

परवा आम्ही तलावपाळीला बसलो होतो. नाना रंगात आले होते. "म्हणजे उद्या स्टेशनावरची अनाउन्समेंट सरळ कानात," ते सांगत होते, "आणि कुठल्याही कंपनीचं मशीन असो, कुणाचाही फोन असो, कुणी कुणाला मधे..." आणि थांबले. नजर तलावाच्या पाण्यावर खिळली.

"हो," नाना म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"हो. ज्वारीचं ना? आणतो."

मास्तरांनी चुळबुळ केली. नानांनी त्यांना हाताने थांबवलं.

"नाही विसरत. गिरणी आठपर्यंत उघडी असते गं. अगं, कुणाला सांगितलं मी पैठणीचं? कुणालाही नाही."

हे आम्हाला मंगळवारीच सांगून झालं होतं. हिशेबी गृहस्थांनी खोकल्यासारखं केलं. कर्नल पुढे वाकले आणि त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी आहेत का?"

नानांनी खांदे उडवले, खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं आणि पुटपुटले, "मघापासून येतंय कानात काहीतरी. तुटक तुटक. रेंजच नाही इथे, काही कळत नाही तिचं."

खिशातल्या फोनचा माइक अर्थातच चालू होता. पुढच्या क्षणी नाना बाकावरून उठून उभे राहिले, चपला शोधायला लागले आणि घाईघाईने म्हणाले, "येतंय, येतंय. सगळं ऐकू येतंय."